मेझियानच्या वाटणीची भाकरी

न्हावी हम्मूच्या अंगठ्याला माकड चावलं, त्या दिवसापर्यंत तिझी उफेल्ला या डोंगरी गावात माणसांचं आणि माकडांचं बरं चाललं होतं. म्हणजे माकडं माणसांना घाबरत नसत, आणि माणसं घाबरत असली तरी कबूल करत नसत. ही माकडं बिनशेपटाची, अंगानं भक्कम, थंडीत फुगून बसणारी. गावच्या पंचांच्या दगडी बाकावर ती ओळीनं बसली की लांबून वडीलधारेच बसलेत असं वाटे. एकदोघांनी त्यांना सलाम केल्याचंही सांगतात. माकडांनी तो स्वीकारला होता.

मग एका शुक्रवारी एका माकडानं हम्मूच्या हातातली पावाची पिशवी ओढली. हम्मूनं सोडली नाही. माकडानंही सोडली नाही. दोघांत माकड जास्त व्यवहारी निघालं, त्यानं पिशवी सोडून अंगठा धरला.

नगरपालिकेत तातडीची बैठक भरली.

"जिल्ह्याच्या वनखात्यानं कळवलंय," नगराध्यक्ष दा अमोक्रान म्हणाला. "दुसरा चावा झाला, की आख्खा कळप पिंजऱ्यात घालून समुद्रकाठच्या प्राणिसंग्रहालयात पाठवणार."

"आणि पहिल्या चाव्याचं काय?" हम्मूनं पांढऱ्या पट्टीतला अंगठा वर केला.

"पहिला माफ."

"मला विचारून माफ केला का?"

"हम्मू, बस खाली. पिंजरे आलेत. वनरक्षक बूसादच्या अंगणात ठेवलेत."

"मी त्यात तात्पुरत्या कोंबड्या ठेवल्यात," बूसाद म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता, विचारलं नसलं तरी सांगून टाकायचा.

आता प्रश्न आला, हे काम बघणार कोण. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. स्वच्छता खात्यातली फेरुजा मात्र चुकून समोर बघत होती.

"फेरुजा, पोरी, तुला माकडं आवडतात का?" दा अमोक्राननं विचारलं.

"नाही."

"आणि माणसं?"

फेरुजानं जरा विचार केला. "तशी नाहीत."

"वा! म्हणजे निःपक्षपाती आहेस."

अशा रीतीनं फेरुजा गावाची सहअस्तित्व अधिकारी झाली. खोली तीच, खुर्ची तीच. दारावरच्या पाटीला मात्र नवा रंग लागला.

पहिल्यांदा आले ते कचऱ्याचे डबे. राजधानीहून आले होते, हिरवे, लोखंडी, आणि माकडांना न उघडणारे अशी त्यांची ख्याती होती. आधी खटका दाबायचा, मग कांडी उजवीकडे सरकवायची, मग दोन्ही हातांनी झाकण उचलायचं आणि उरलेल्या हातानं कचरा टाकायचा. माकडांना ते जमलं नाही. गावातल्या साठीपुढच्या कुणालाच जमलं नाही. महिनाभर डबे रिकामे आणि स्वच्छ होते आणि कचरा त्यांच्या पायाशी होता. शेवटी लोहारानं ते खटके कापून साधी कडी बसवली. मग कचरा आत गेला, कडी लागली, आणि माकडं मात्र होती तितकीच राहिली.

फेरुजा एका सकाळी डब्याशेजारी ओट्यावर बसून राहिली, काय होतंय ते बघायला. कळप जैतुनाच्या बागेतून उतरला. डब्याकडे एकानंही पाहिलं नाही. ती सरळ घरांच्या भिंतींकडे गेली आणि खिळ्यांना टांगलेल्या पिशव्या उतरवू लागली, बाजारात आल्यासारखी, घाई न करता.

पिशव्यांत शिळा पाव होता. तिझी उफेल्लात कुणीही, कितीही भांडलेलं, कितीही बिघडलेलं माणूस असो, पाव कचऱ्यात टाकत नाही. पाव ही देवाची कृपा. रस्त्यात तुकडा दिसला तर उचलायचा, ओठांना लावायचा आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा उंच जागी ठेवायचा. गावानं डब्यांना कुलपं लावली होती ती कांद्याची सालं आणि अंड्याची टरफलं वाचवायला. माकडांना जे हवं होतं ते गाव पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ पिशवीत घालून, माकडाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, आदरानं टांगत आलं होतं.

तिनं हे नगराध्यक्षाला सांगितलं तेव्हा त्यानं खिडकीतून डब्यांकडे पाहिलं.

"हे डबे मागवायच्या आधी का नाही सुचलं?"

"तुमच्याही भिंतीला खिळा आहे, दा अमोक्रान."

"तो माझ्या वडिलांनी ठोकलेला आहे," तो म्हणाला. जणू त्यामुळे तो मोजायचा नव्हता.

पाव टांगू नका, असं सांगण्यात अर्थ नव्हता. फेरुजानं पालिकेचं खेचर आणि एक गाडी मागून घेतली. रोज पहाटे, माकडं सुळक्यावरच्या आपल्या मुक्कामावरून उतरायच्या आत, ती गल्लीगल्लीतून फिरून पिशव्या गोळा करी आणि गावाखाली राहणाऱ्या न्ना देहबियाबाईच्या मेंढ्यांना नेऊन घाली. पाव वाया जात नाही, पायाखाली येत नाही, जिवाच्या पोटात जातो. याला कुणाची हरकत नव्हती. उलट आपला पाव आधी उचलला जावा म्हणून बायका भांडू लागल्या. त्याशिवाय तिनं अंजीर पिकायच्या आत उतरवायला लावले, कोंबड्यांच्या खुराड्यांना जाळी लावायला लावली, कुत्र्यांना बांधायला लावलं, आणि शाळेत जाऊन मुलांना शिकवलं की माकड समोर आलं तर पळू नये, डोळ्याला डोळा देऊ नये, आणि दात दाखवून हसू नये, कारण ती त्याला धमकी वाटते. हसू नका हे गावाला सांगणं सोपं गेलं. पेन्शनच्या रांगेत तशी सवय झालेलीच होती.

मेंढ्या गोल झाल्या. माकडं गावात येऊन मोकळ्या खिळ्यांखाली बसत आणि परत जात. रोज थोडी कमी येत. एकच भिंत अशी राहिली होती जिच्यावर अजूनही भाकरी असे, आणि त्या एका भिंतीसाठी कळप सगळं गाव ओलांडून येई.

"सगळ्या गावाचा पाव गाडीत," हम्मू दुकानाच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "आणि अधिकारीणबाईंच्या भिंतीवर मात्र जेवणावळ!" गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं हसलं.

भिंत फेरुजाच्या घरची होती. भाकरी तिची आई ठेवायची.

यन्नायरला, म्हणजे शेतीचं नवं वर्ष लागतं त्या संध्याकाळी, परदेशी गेलेल्याचा चमचा कुसकुसच्या मोठ्या ताटात खोचून ठेवायचा आणि त्याची वाटणी बाजूला काढायची, हे गावात घरोघर चालतं. वर्षातून एकदा. फेरुजाचा धाकटा भाऊ मेझियान दोन हिवाळ्यांपूर्वी किनाऱ्यावर गेला आणि आणखी काही पोरांबरोबर एका होडीत बसून स्पेनकडे निघाला. नंतर ना फोन, ना निरोप. आईनं त्याची वाटणी रोजची केली. रोज संध्याकाळी मातीच्या तव्यावर तीन भाकऱ्या भाजायची. एक स्वतःची, एक फेरुजाची. तिसरी फडक्यात गुंडाळून अंगणाच्या भिंतीवर ठेवायची, जिथून खाली दरी दिसते आणि दरीच्या टोकाला, हवा स्वच्छ असली तर, समुद्राची एक करडी रेघ. सकाळी भाकरी गेलेली असे. आई म्हणे, "जेवला गं."

नेणारी बहुतेक एक लंगडी, म्हातारी माकडीण होती. आईला ते ठाऊक होतं. तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

"यम्मा, भाकरी भिंतीवर ठेवू नकोस," फेरुजा म्हणाली.

"मग कुठं ठेवू?"

"गाडीत दे. सगळे देतात."

"मेंढ्यांना? तुझा भाऊ काय मेंढी आहे?"

"आत्ता तरी माकडच नेतंय ना!"

"कोण नेतं ते बघणं माझं काम नाही." आईनं भाकरी उलटली. "इथं कुणीतरी उपाशी येतं, माझ्या हातचं खाऊन जातं. तिकडं तो उपाशी असेल तर तिकडं कुणीतरी त्याला वाढतं. एवढा साधा व्यवहार आहे. देवाला कळतो, तुझ्या खात्याला कळत नाही."

"तिकडं म्हणजे कुठं, यम्मा?"

आईनं तव्यावरची भाकरी बोटानं दाबून पाहिली. "तिकडं," ती म्हणाली.

फेरुजानं मग सगळ्या बाजूंनी विचार केला. भाकरी राहिली तर कळप येत राहणार. कळप आला की कधी ना कधी चावणार. चावला की पिंजरे. पिंजरे भरले की भाकरी भिंतीवर तशीच पडून राहणार, आणि एके सकाळी आई ती बघणार. कळपाला आत्ताच अडवलं तर भाकरी उद्याच पडून राहणार. कुठूनही निघालं तरी वाट आईच्या अंगणात येऊन संपत होती. आईनं सकाळी न गेलेली भाकरी बघायची नाही, एवढंच सांभाळायचं होतं. बाकी सहअस्तित्व वगैरे त्याच्याभोवतीचं कुंपण होतं.

दुसऱ्या पहाटे गाडी घेऊन निघताना तिनं भिंतीवरची भाकरी उचलली.

ती मेंढ्यांच्या पोत्यात टाकायला हात गेला आणि थांबला. शाळेच्या मागच्या कट्ट्यापर्यंत तिनं ती तशीच नेली. खेचरानं मान वळवून पाहिलं. फेरुजानं त्यालाही दिली नाही. ती कट्ट्यावर बसली आणि तिनं भावाची भाकरी खाल्ली, अख्खी, कोरडी, घोट घोट पाण्याबरोबर. भूक नव्हती. घरून जेवून निघाली होती.

सकाळी आई म्हणाली, "आज माकडानं फडकं घडी घालून ठेवलंय."

"शिकली असतील," फेरुजा म्हणाली.

त्यानंतर फेरुजा फडकं ओढून खाली टाकू लागली, थोडे तुकडे भिंतीवर सांडू लागली. सुरुवातीचे काही दिवस लंगडी येत राहिली. ती शेजारच्या अंजिराच्या झाडावर बसून फेरुजाला भाकरी उचलताना बघायची. रागानंही नाही. नुसती बघायची. मुलांना शिकवलं होतं तसं फेरुजा डोळ्याला डोळा देत नसे, पण त्याचं कारण वेगळं होतं. मग बर्फ पडलं. लंगडी यायची थांबली. वसंत आला तेव्हा सगळा कळप वर देवदारात होता, कोवळे कोंब आणि बर्फाखालून निघालेली ओकची फळं खात होता, आणि गावात माकड दिसलं तर लोक एकमेकांना हाका मारून दाखवू लागले.

फेरुजाचे जुने कपडे बसेनात.

"तू सुटायला लागलीस गं," आई म्हणाली.

"खुर्चीत बसून होतं असं."

"तू तर दिवसभर चालतेस."

फेरुजानं भाकरीचा तुकडा तोडला, स्वतःच्या वाटणीचा, आणि चघळत राहिली. आई मात्र सुधारली होती. बाहेर जायची, विहिरीवर बायकांशी बोलायची. "माझ्या पोराचं नीट चाललंय," सांगायची. "एक दिवस खाडा नाही." बायका मान हलवायच्या. कुणी काही बोलायचं नाही. अशा बाबतीत गाव चांगलं होतं.

उन्हाळ्यात राजधानीहून फोन आला. कुठल्याशा मंडळानं तिझी उफेल्लाला आदर्श गाव ठरवलं होतं. माणूस आणि वन्यप्राणी सुरक्षितपणे एकत्र कसे राहतात हे बघायला मंडळाचे संचालक स्वतः येणार, फलक देणार, फोटो काढणार.

दा अमोक्राननं फेरुजाला बोलावलं. तो आनंदात होता आणि काळजीत होता. एकाच तोंडावर दोन्ही दिसत होतं.

"पोरी, माकडं कुठायत?"

"वर. देवदारात."

"खाली कधी येतात?"

"येत नाहीत. तेच तर काम होतं."

"ते बरोबर. पण बघ, सहअस्तित्व म्हटलं की दोन बाजू लागतात. आपल्याकडे एकच उरलीये. नुसती माणसं उभी करून फोटो काढला तर ते लग्न वाटेल."

"संचालकांना वर घेऊन जा. अर्ध्या दिवसाची चढण आहे."

"त्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्या चिटणीसानं आधीच कळवलंय."

"दा अमोक्रान, एकदा पाव दाखवला की आठ महिन्यांचं काम गेलं. एक चावा उरलाय आपला."

"एक दिवसानं काय होतं गं!" तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "बरं बरं, नाही. तू म्हणतेस तसं." हे तो इतक्या पटकन म्हणाला की तिनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

समारंभाच्या दोन दिवस आधी न्ना देहबियाच्या गोठ्यातून पावाची चार पोती गेली. तिला सांगितलं, पालिकेच्या कामासाठी. मेंढ्या गावात शोधायला आल्या, त्यांना हाकलून दिलं. पाव देवदाराच्या कडेपासून चौकापर्यंत रस्त्याच्या कठड्यावर मांडला होता. जमिनीवर नाही. जमिनीवर ठेवायला नगराध्यक्षाचाही हात धजला नव्हता.

संचालक आले तेव्हा कळप चौकात होता, अख्खा, आणि नुसता कळप नव्हता, पाव मागणारा कळप होता. संचालक खूश झाले. बारीक, नीटनेटका माणूस, हलका निळा कोट. फेरुजा गर्दी कापत पुढे आली तोवर त्यांच्या हातात कुणीतरी पावाचा तुकडा दिला होता आणि फोटोवाला खाली बसला होता.

"साहेब, तो पाव ठेवा. आणि हसू नका!"

"म्हणजे?" संचालक तिच्याकडे वळले.

"हसू नका, साहेब!" फोटोवाल्याच्या मागून शाळेतली मुलं एका सुरात ओरडली. त्यांना धडा पाठ होता.

संचालकांना हे इतकं गोड वाटलं की ते दिलखुलास हसले. सगळे दात दिसले, मागचा सोन्याचासुद्धा. समोरच्या नरानं ते दात पाहिले, हातातला पाव पाहिला आणि त्यांचं मनगट धरलं.

फोटो चांगला आला, असं नंतर फोटोवाला म्हणाला. दोन्ही बाजू त्यात होत्या.

आदेश दुसऱ्याच दिवशी आला. संचालकांनी फलक परत नेला नाही, मनानं मोठा माणूस. तो पालिकेच्या भिंतीवर लागला, दा अमोक्रानच्या वडिलांच्या धाटणीच्या एका लांब खिळ्यावर. बूसादनं कोंबड्या बाहेर काढल्या, पिंजऱ्यांत उरलेला पाव ठेवला आणि दारं उघडी ठेवली. कळप दोन दिवसांत आत होता. फेरुजा जिल्ह्याच्या ऑफिसात गेली, तिथल्या माणसाला सगळं सांगितलं. पोती, कठडा, दात, सगळं.

"म्हणजे माकडांची चूक नाही," तो माणूस म्हणाला.

"नाही."

"मग चूक कुणाची?"

"नगराध्यक्षांची."

"बाई," तो सौम्यपणे म्हणाला, "नगराध्यक्षासाठी आमच्याकडे पिंजरा नाही."

ती परतली तेव्हा ट्रक आलेला होता. बूसादच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं आणि हम्मूही होता. त्याचा अंगठा केव्हाच बरा झाला होता, पण आजच्यापुरती त्यानं पट्टी बांधली होती. आणि पिंजऱ्यांसमोर आई उभी होती. हातात फडक्यात गुंडाळलेली भाकरी.

"यम्मा, तू इथं कशाला?"

"घेऊन चाललेत ना त्यांना. मग तिकडं जाताना तरी खाऊ दे. आजची वाटणी राहिली."

बूसाद अवघडून पुढे आला. त्यानं पिंजऱ्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी पालिकेची होती, गावभर लावलेल्यांपैकीच एक: *माकडांना खायला घालू नये. सहअस्तित्व अधिकारी.*

"न्ना ताउस," तो आईला म्हणाला, "मी काय करू? तुमच्याच पोरीचा नियम आहे."

आई फेरुजाकडे बघत राहिली. आजूबाजूचेही बघत राहिले. फेरुजानं पाटी धरली आणि उपटली. तार तुटली नाही, पाटी वाकून लोंबकळत राहिली, अर्धी वाचता येईल अशी.

"दे, यम्मा."

आईनं पिंजरे एकेक करून पाहिले. शेवटच्यात, मागच्या कोपऱ्यात, लंगडी होती. आई गुडघ्यांवर बसली, भाकरी मोडून तिनं गजांमधून आत सरकवली. लंगडीनं भाकरीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"ए, मी आहे," आई म्हणाली. "ओळखलं नाहीस? कालपर्यंत तर नेत होतीस."

"कालपर्यंत?" बूसाद म्हणाला. त्याला न्ना ताउसच्या घरासाठी काहीतरी चांगलं बोलावंसं वाटत होतं, आणि त्याच्याकडे खरंच चांगलं होतं तेच त्यानं सांगितलं. "अहो न्ना, ही तर हिवाळ्यापासून गावात उतरलीच नाहीये. मी रोज वर बघायचो ना. कठड्यावर पाव मांडला तेव्हासुद्धा ही एकटी आली नाही. हिला मी वरून झोळीत घालून आणलं. आदेश कळपाचा आहे, काय करणार. पण फेरुजाचं काम म्हणजे चोख. आठ महिने एका माकडानं तुमच्या गल्लीत पाय ठेवला नाही. शप्पथ घेऊन सांगतो."

हम्मू पट्टीशी चाळा करू लागला.

आई मान न वळवता खाली बसून राहिली. फेरुजाला वाटलं, आता ती विचारेल. तिनं उत्तरही तयार केलं, मग दुसरं तयार केलं, आणि दोन्ही खोटी होती.

"मावशी," ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. सपाटीवरचा माणूस, कुठून कुठून रात्रभर गाडी हाकून आलेला, कपाळावर धूळ वाळलेली. "ते खात नसेल तर… म्हणजे राग मानू नका. सकाळपासून पोटात काही नाही. वर एक हॉटेल उघडं नव्हतं."

आईनं गजांतून हात घालून भाकरीचे तुकडे परत घेतले, फुंकर मारली, ओठांना लावले आणि त्याला दिले. फडक्यातला उरलेला भागही दिला. ड्रायव्हर चाकाच्या मडगार्डला टेकून खाऊ लागला. तो लाजून खात नव्हता, सावकाशही खात नव्हता. गाल फुगवून, खाली वाकून, तळहातावरचे कण चाटून खात होता. आई त्याच्यासमोर उभी राहून शेवटचा घास जाईपर्यंत बघत होती. मेझियान गेल्यापासून आईनं कुणाला जेवताना असं बघितलेलं फेरुजानं पाहिलं नव्हतं.

"अल्लाह तुमच्या मुलाबाळांना सुखी ठेवो," ड्रायव्हर तोंड पुसून म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं. इकडं सगळे हेच म्हणतात.

"याला भूक होती," आई म्हणाली. कुणाला उद्देशून, ते बाकीच्यांना कळलं नसेल.

ट्रक निघाला. माकडं ओरडली नाहीत. पहिल्या वळणावर पिंजरे कलले, सगळी एकदम एका बाजूला गेली आणि पुन्हा नीट बसली, बाकावरच्या पंचांसारखी. मग धूळ राहिली. लोक पांगले. तिझी उफेल्ला त्या क्षणापासून संपूर्ण सुरक्षित होतं.

घरची वाट चढाची. आई पुढे, फेरुजा दोन पावलं मागे.

"तू खायचीस?" आईनं विचारलं.

"हो."

"मेंढ्यांना नाही दिलीस?"

"नाही, यम्मा. एकदाही नाही."

आई थोडं अंतर गेली. वाटेत कुणाच्यातरी भिंतीजवळ एक पावाचा तुकडा पडला होता, पोत्यातून सांडलेला. तिनं तो उचलला, ओठांना लावला, आणि आजूबाजूला पाहत उभी राहिली. सगळ्या गल्लीत उंच जागा भरपूर होत्या. तिनं तो पुन्हा हातातच ठेवला.

"मीठ कसं असायचं?" ती म्हणाली.

"काय?"

"त्याच्या भाकरीत. त्याला कमी लागायचं म्हणून मी वेगळी मळायची. आपल्या दोघींच्यात घालते तेवढं नाही घालायची. पण दोन वर्षांत चाखली नाही कधी. त्याची वाटणी होती, चाखायची कशी."

फेरुजाला आठ महिन्यांतली एकही चव आठवेना. ती फक्त गिळत आली होती.

"कमीच होतं," ती म्हणाली.

आईनं मान हलवली आणि चालू लागली. त्या संध्याकाळी तिनं दोन भाकऱ्या भाजल्या.